बिनऔषधाची सुई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या परभणी जिल्ह्यात दवाखान्यातल्या 'सुई'चा अर्थ एकच. सुई म्हणजे इंजेक्शन. पेशंट स्टुलावर टेकतो न टेकतो तोच सांगून टाकतो, "सायेब, गोळ्याबिळ्या नको, एक सुई मारून द्या." सुईत काय आहे हे तो विचारत नाही. सुईत औषध असतं, ते अंगात जातं आणि गुण येतो, एवढा त्याचा विश्वास असतो.

म्हणूनच बऱ्याच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एका आजींच्या गुडघ्याला ॲक्युपंक्चरच्या सुया लावल्या, तेव्हा मोठी पंचाईत झाली. पाच-सहा बारीक सुया लावून मी शेजारी बसलो. आजी बराच वेळ त्या सुयांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, टोचलं खरं, पण औषध सोडायचं इसरलात की." मी म्हटलं, "आजी, ह्या सुईत औषध नसतं." त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "औषध न्हाई, तर मग पैशे कशाचे घ्यायलात?"

प्रश्न रास्त होता. आजींना तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे. गंगाखेडला जनरल प्रॅक्टिस करतो. ॲक्युपंक्चरची जाहिरात करायला मी इथे आलेलो नाही आणि त्याची टिंगल करायलाही नाही. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ही सुई कुठे कामाला येते, कुठे येत नाही आणि एकदा तिच्यावर विसंबून मी कशी चूक केली, एवढंच सांगायचं आहे.

मराठीत 'दुखणं' हा शब्द आजारपणालाही वापरतात आणि वेदनेलाही. आमच्या भागात हे दोन्ही अर्थ बहुतेक वेळा एकच असतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा, उकिडवं बसून खुरपायचं, विळ्याने सोयाबीन कापायचं, डोक्यावर पाणी वाहायचं. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. तिथे कोयता चालवायचा आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवायच्या. पंचविशीतल्या बाईची कंबर पन्नाशीतल्यासारखी होते, ती यामुळेच. कंबर, गुडघे, मान, खांदे. माझ्या ओपीडीतली निम्मी गर्दी या चार जागांची असते, असं म्हटलं तरी चालेल.

या दुखण्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधं वाईट नाहीत. मीही ती लिहून देतो. लचक भरली, मुका मार लागला, तर चार-पाच दिवस ती उत्तम काम करतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा चार दिवसांची गोळी चार वर्षं चालते. कामावर निघताना चहाबरोबर एक आणि रात्री निजताना एक, असा कित्येकांचा नेम असतो. गोळी मेडिकलमधून थेट आणलेली असते, किंवा मुकादमाच्या पिशवीतून मिळालेली असते. काही ठिकाणी तर त्याच पुडीत स्टिरॉइडची पांढरी गोळीही असते, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या गोळ्या नुकसान कसं करतात, ते सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची काही द्रव्यं तयार होतात. सूज आणि वेदना वाढवण्यात त्यांचा हात असतो. गोळी ती तयार होऊ देत नाही, म्हणून बरं वाटतं. पण हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात. शरीरातलं पाणी कमी झालं, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचं कामही तीच करतात. आता डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, रानात पाणी कमी, आडोसा नाही म्हणून बाई मुद्दामच पाणी कमी पिते आणि वरून ही गोळी. मूत्रपिंडाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच त्याचा आधार काढून घेतला जातो.

याचं एक उदाहरण आपण सर्वांनी आकाशात पाहिलं आहे, खरं तर पाहायचं राहून गेलं आहे. आपल्याकडची गिधाडं कुठे गेली? गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत असत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी पुढे आणलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस काही गिधाड नव्हे, त्याला हे औषध तितकं घातक नाही. पण हेच औषध आपण बिस्किटासारखं खातो, तेव्हा त्या रिकाम्या आभाळाची आठवण ठेवायला हरकत नाही.

सांगायचं एवढंच, की गोळी कमी करता येईल असं काहीतरी मला हवं होतं. व्यायाम सांगावा, तर लोक म्हणतात, "दिसभर रानात व्यायामच करायलाव की सायेब." विश्रांती सांगावी, तर रोजंदारी बुडते. घरगुती इलाज म्हणजे बिब्ब्याचा चटका. त्याचे काळे डाग पाठीवर, पोटरीवर घेऊन आलेले कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत. दुखण्यावर दुसरीकडे दुखवायचं, काट्याने काटा काढायचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. मात्र बिब्बा कातडी जाळतो, चिघळतो आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. अशा काळात शहरातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे मी ॲक्युपंक्चर पाहिलं, शंका घेत घेत शिकलो आणि हळूहळू वापरू लागलो.

ही विद्या चीनची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथांत तिचं वर्णन आहे. ती भारतात आली, त्या कथेत एक मराठी माणूस आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला पाठवलं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीसांनी तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांची कहाणी घरोघरी पोहोचली. पुढचा भाग मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. त्यांचे सहकारी डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं. आपल्या देशात ही पद्धत रुजली ती मुख्यतः तिथून, आणि पुढे कोटणीसांच्या नावाने निघालेल्या समित्यांच्या कामातून.

पश्चिमेकडे तिचा बोलबाला झाला १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. सुया टोचून, भूल न देता त्यांचं ऑपरेशन झालं, अशी कथा आजही ऐकू येते. ती खोटी आहे. रेस्टन यांनी स्वतःच लिहिलं होतं, की ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनांनी झालं. दुसऱ्या रात्री पोटात त्रास होऊ लागला, तेव्हा उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला. घडलं होतं एवढंच, पण कानोकानी ते मोठं होत गेलं. ॲक्युपंक्चरचं नेहमी असंच होतं. काही लोक त्याला चमत्कार करून टाकतात, मग दुसरे काही लोक संतापून त्याला थोतांड म्हणतात. खरी गोष्ट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

सुई टोचल्याने वेदना कमी का व्हावी? चिनी वैद्यांच्या मते शरीरात 'ची' नावाची शक्ती ठराविक मार्गांनी वाहते आणि सुईने तिचे अडथळे दूर होतात. मी शरीररचनाशास्त्र शिकलेला माणूस. मला हे मार्ग कुठे सापडले नाहीत, आणि ते मानल्याशिवाय सुई वापरता येत नाही असंही नाही. आधुनिक शास्त्र काय म्हणतं पाहा. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं. दुसरी संवेदना त्या वाटेने आली, की वेदनेचं फाटक काही प्रमाणात लोटलं जातं. पाय ठेचकाळला, की आपण आपसूक तो चोळतो, त्यातलं मर्म हेच. १९७५ मध्ये आपल्या मेंदूतच तयार होणाऱ्या, अफूसारखं काम करणाऱ्या द्रव्यांचा शोध लागला. आणि १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागी सुई लावली, तेव्हा दातातली वेदना कमी जाणवली. मग अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन हे औषध दिलं, तर सुईचाही परिणाम उतरला. म्हणजे सुई बाहेरून औषध घालत नसली, तरी आतलं औषध काढून आणते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण दिशा मिळाली.

आता महत्त्वाचा प्रश्न. गुण येतो तो सुईचा, की मनाचा? यासाठी जर्मनीत मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्राप्रमाणे योग्य जागी सुया लावल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, अगदी वरवर सुया लावल्या. तिसऱ्याला नेहमीचा उपचार दिला, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचाराने शंभरांत साधारण सत्तावीस जणांना चांगला फरक पडला होता. खऱ्या सुयांनी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस जणांना. आणि खोट्या सुयांनी? चव्वेचाळीस जणांना!

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा थोडा खट्टू झालो. एवढ्या कष्टाने पाठ केलेल्या जागा, आणि भलतीकडे टोचलं तरी जवळपास तेवढाच गुण! नंतर २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. तिच्यात खऱ्या सुईचा खोट्या सुईपेक्षा फायदा दिसला, पण लहानसा. काहीच सुया न लावलेल्या रुग्णांच्या मानाने मात्र फायदा बऱ्यापैकी दिसला, आणि वर्षभरानंतरही त्यातला बराचसा टिकून होता. म्हणजे सुईत काहीतरी आहे. त्याच्या जोडीला स्पर्श आहे, अर्धा तास शांत पडून राहणं आहे, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय ही भावना आहे. या सगळ्याची मिळून ती बेरीज आहे.

तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. इंग्लंडमधली 'नाइस' ही सरकारी संस्था उपचारांबद्दल मार्गदर्शन करते. तिने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं, २०१६ मध्ये ती शिफारस काढून घेतली आणि २०२१ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जे उपाय सांगितले, त्यांत व्यायाम आणि समजावून सांगण्याच्या जोडीला सुयांचाही समावेश आहे, पण काही अटींसह. मला यात काही वावगं वाटत नाही. पुरावा बदलला की मत बदलणं, हीच तर शास्त्राची रीत आहे.

माझा स्वतःचा अनुभव साधा आहे. गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, आखडलेली मान, वरचेवर उठणारी डोकेदुखी, यांत उपयोग होतो. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. सुई स्टीलची आणि भरीव असते, तिला आत छिद्र नसतं. जाडी पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. टोचल्यावर थोडं जड वाटतं, ओढल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया काढायच्या. आठवड्यातून एक-दोनदा, अशा सहा ते आठ खेपा. तेवढ्यात फरक पडला नाही, तर मी थांबतो. पायात कळ उतरणाऱ्या एका गृहस्थांना सहा खेपांनी काडीचाही फरक पडला नाही. त्यांना मी सरळ सर्जनकडे पाठवलं. उपचार थांबवता आले पाहिजेत, नाहीतर तो उपचार राहत नाही, त्याचा धंदा होतो.

आता माझी चूक सांगतो.

तालुक्यातल्याच एका खेड्यातली बाई होती, चाळिशीच्या आतली. पाठ दुखत होती. "दोन महिने झाले, पाठ लई दुखायलीय सायेब," म्हणाली. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या आठवड्यात अशाच पाठी-कमरांच्या बायकांची रांग लागली होती. ही त्यांतलीच एक, असं मी धरून चाललो. पाठीवरून हात फिरवला, स्नायू आखडलेले लागले आणि सुया लावल्या. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "उतार हाय." चौथ्या खेपेला म्हणाली, "रात्री झोप लागायलीय." मला समाधान वाटलं. नंतर ती यायची थांबली. बरी झाली असेल, असं मी मानलं.

तीन महिन्यांनी तिच्या नवऱ्याने आणि भावाने तिला दोन्हीकडून धरून आत आणलं. पाय लटपटत होते. पाठीच्या मधोमध हाताला लागेल असा उंचवटा आला होता. एक्स-रे काढला, मग परभणीला एमआरआय झाला. मणक्याचा टीबी होता. दोन मणके पोखरले गेले होते आणि मज्जारज्जूवर दाब आला होता.

मग मी तिला ते प्रश्न विचारले, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. निजल्यावर दुखणं कमी होतं की वाढतं? वाढायचं. संध्याकाळी अंग कोमट होतं का? व्हायचं. वजन उतरलं का? झंपर ढिले झाले होते. तिने हे सगळं पहिल्या दिवशीही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

टीबीची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. तिची दीड वर्ष चालली. पायांत ताकद परत आली, ती चालू लागली. पाठीत बाक मात्र कायमचा राहिला. वेचणीला जाणं संपलं. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, की माझी चूक झाली. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "सुईनं बरं वाटलं हुतं की सायेब, मग आत कसं काय वाढत ऱ्हायलं?"

श्रोतेहो, ॲक्युपंक्चरवरची सगळी पुस्तकं एका बाजूला आणि हा एक प्रश्न एका बाजूला. वेदना कमी होणं आणि रोग बरा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात आग लागल्यावर धोक्याची घंटा वाजते. घंटा बंद करता आली, म्हणून आग विझत नाही. हा दोष एकट्या सुईचा नाही. गोळीही हेच करते, इंजेक्शनही हेच करते. पण सुई निरुपद्रवी म्हणून आपण बेसावध राहतो, आणि इथेच तिचा खरा धोका आहे. त्या दिवसात मी तिच्या अंगात काही विषारी घातलं नाही, हे खरं. मी तिचे तीन महिने घालवले.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक पुठ्ठा असतो. सुयांचं पाकीट फोडण्याआधी त्यावरचे प्रश्न विचारायचेच. ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं. पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का. पायातली ताकद गेली का, लघवी-संडासवरचा ताबा सुटला का. पडल्यावर, मार लागल्यावर दुखणं सुरू झालं का. छातीत किंवा डाव्या हातात कळ आहे का. यांतल्या एकाचं उत्तर 'हो' आलं, तरी सुई बाजूला ठेवून आधी तपासण्या.

आपल्या भाषेने तर डॉक्टरचं अर्धं काम करून ठेवलं आहे. माणूस नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबत नाही. ठणका लागला म्हणाला, तर आत पू धरलाय का, ते पाहावं. आग होते, मुंग्या येतात म्हणाला, तर नसेचा त्रास असू शकतो, साखर तपासावी. सणक किंवा चमक पायात उतरते म्हणाला, तर मणक्यातली गादी सरकली असेल. अवघडलंय, आखडलंय म्हणाला, तर बहुधा स्नायू. छातीवर दडपण आलंय म्हणाला, तर ईसीजी आधी. या शब्दांवर विसंबून निदान होत नाही, पण पुढे काय तपासायचं ते कळतं. ते ऐकायला वेळ मात्र द्यावा लागतो.

तुमच्यापैकी कुणाला ॲक्युपंक्चर घ्यायचं असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, आधी निदान. नुसती नाडी बघून किंवा न तपासताच सुया लावणाऱ्यापासून दूर राहा. दुसरी, सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली असावी आणि वापरून झाल्यावर टाकून दिलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला म्हणजे काविळीच्या विषाणूला आमंत्रण. तिसरी, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, हृदयात पेसमेकर असेल, तर ते आपणहून सांगा. छातीवर आणि पाठीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकलेला हातच हवा. शिकलेल्या हातात ही पद्धत सुरक्षित आहे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन पाहण्या झाल्या. दोन्ही मिळून साठ हजारांहून अधिक वेळा दिलेल्या उपचारांची नोंद घेतली गेली. गंभीर इजा एकही आढळली नाही. भोवळ येणं, थोडं रक्त येणं, असे किरकोळ त्रास झाले. चौथी गोष्ट, बीपीच्या, साखरेच्या, फिट्सच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर कधीही बंद करू नका. सुई वेदनेसाठी आहे, आणि कमी करायची ती वेदनेची गोळी, तीही डॉक्टरला विचारून.

सुया कुणी लावाव्यात? केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा करून देशात पुढचं पाऊल टाकलं. त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी होते. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

शेवटी पुन्हा त्या आजींकडे येतो. त्या आठ खेपा आल्या. त्यांचा गुडघा नवा झाला नाही. झिजलेलं कूर्चा सुईने भरून येत नाही, असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पण रोजच्या दोन गोळ्यांवरून त्या आठवड्यातून दोन-तीन गोळ्यांवर आल्या. जळजळ थांबली, बीपी ताब्यात राहू लागलं. सुयांच्या वेळी त्या पडून असायच्या आणि मी शेजारी. मग मांडी घालून बसणं बंद करा, मांडीचे स्नायू बळकट करणारा हा व्यायाम करा, असं समजावून सांगायलाही सवड मिळायची. एरवी गर्दीत दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून मी मोकळा होतो. त्या बिनऔषधाच्या सुईने आजींना अर्धा तास खाटेवर खिळवून ठेवलं, तसं मलाही खुर्चीत बसवून ठेवलं.

"पैशे कशाचे?" असं त्यांनी विचारलं होतं. आज मी सांगेन, आजी, सुईचे फार थोडे. विचारून, तपासून, दुखण्याचं मूळ शोधण्याचे जास्त. ते केलं नसेल, तर सुईत औषध असो वा नसो, डॉक्टरला पैसे मागण्याचा हक्क नाही.